अहो, दूध बघा

माझ्या धाकट्या भावाला एखादी गोष्ट आवडली की चारचौघांना सांगितल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नाही. पूर्वी चारचौघं म्हणजे आम्हीच होतो: आई, बाबा आणि मी. आता त्याला इंटरनेट सापडलंय. सुटलो एकदाचे म्हणावं, तर तेही नाही. कारण इंटरनेटवर टाकलेलं मी वाचलं का, हे विचारायला तो रोज संध्याकाळी घरी येतो.

"ताई, वाचलंस?"

"काय?"

"काल टाकलं ते. तंबोऱ्याची तार आणि नेटवर्कची तार."

"नाही."

"अगं, मग निदान अंगठा तरी देत जा!"

त्याच्या पानाचं नाव 'राग आणि राऊटर'. राऊटरचं मला काही कळत नाही, रागाचं खातं मात्र मी सांभाळते. तो स्वतः कचेऱ्यांमध्ये नेटवर्कच्या तारा ओढायचं काम करतो. दिवसभर लोकांच्या छतात डोकं घालून झालं की संध्याकाळी जगाच्या डोक्यात घालायला मोकळा. ख्यालापासून कीबोर्डच्या बटणांपर्यंत काही म्हणून त्याने सोडलेलं नाही. 'बॅटरी आणि विलंबित लय' असा एक लेख आहे. दोन्ही सावकाश संपाव्यात, असा काहीतरी त्याचा मथितार्थ. हे वाचणारे लोक जगात आहेत, याचंच मला जास्त नवल वाटतं.

मी कवळ्या बनवते. सकाळी आठ ते दोन दातांच्या लॅबमध्ये असते. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, त्यात एकेक दात बसवायचा. मलाही माझ्या कामाची गोडी आहे, पण म्हणून मी कुणाला दाढांचे फोटो दाखवत फिरत नाही. दोनला घरी येते तेव्हा मला फक्त शांतता हवी असते, आणि तीच आमच्या घरात मिळत नसे.

कारण दुपारी बाबांच्या टेपा सुरू व्हायच्या.

त्या टेपांची कथा अशी. बाबा वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानादुकानातून काटे तपासत फिरायचे आणि रविवारी दुपारी रेडिओवर गाणं ऐकायचे. नुसतं ऐकायचे नाहीत, रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून त्याच्या माइकवर ते गाणं टिपून घ्यायचे. म्हणजे खोलीत जो काही आवाज होईल तो सगळा गाण्याबरोबर आत. म्हणून रविवारी दुपारी घरात शिंकायचीही बंदी असे. मी आणि धाकटा मूग गिळून बसायचो. आई मात्र बसायची नाही. ती म्हणायची, "ऐकायचं तर ऐका, पण मी काय मुकी बाहुली आहे?" मग ऐन रंगात आलेल्या गाण्यात भांडं पडायचं, किंवा ती आतून विचारायची, "चहा आत्ता टाकू का नंतर?" आणि बाबा दबक्या आवाजात फिस्कारायचे. तेही टेपेत जायचं.

"माझ्या सगळ्या संग्रहाचा सत्यानाश केला या बाईनं," हे वाक्य बाबांनी आयुष्यभर म्हटलं. आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांनाही त्यांनी हेच ऐकवलं. लोकांना हसावं की रडावं ते कळेना.

आई गेल्यावर बाबा रोज दुपारी खोलीचं दार लोटून टेपा लावू लागले. मी स्वयंपाकघरात एकटी जेवत असायचे आणि मध्येच खोलीतून आवाज यायचा, "जरा गप्प बसशील का!" तोंडात घास असलेल्या माणसाने आणखी किती गप्प बसायचं? आधी मी ताट हळू सरकवायला लागले, मग नळ बारीक सोडायला लागले. तरी ओरडणं चालूच. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, म्हणून दातओठ खाऊन गप्प बसायचे.

मग धाकट्याला वाटलं, या टेपा जगाला ऐकवाव्यात. त्याने त्या एकेक करून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि होत्या तशा पानावर टाकल्या. ऐकणारे बरेच मिळाले. त्यांतला एक इरसाल होता. त्याने नावच घेतलं होतं 'खरखर'. हा कोण, कुठला, काही पत्ता नाही, पण प्रत्येक टेपेखाली त्याचा शेरा असायचा. एकदा त्याने लिहिलं, "बुवा आज जरा उतरलेले वाटतात. वहिनी मात्र सुरात आहेत." म्हणजे आमची आई!

धाकट्याला ते फार लागलं. गंभीरपणे संगीत सांगायला बसावं आणि लोकांनी स्वयंपाकघरावर बोलावं, हे त्याच्या मते पानाच्या प्रतिष्ठेला शोभणारं नव्हतं. त्याने कसलंसं नवं सॉफ्टवेअर आणलं आणि कित्येक महिने बसून सगळ्या टेपा धुऊन काढल्या. खरखर गेली, भांडी गेली, बोलणं गेलं. निव्वळ गाणं उरलं. जुन्याच्या जागी त्याने ते नवं चढवलं. खरखर नावाच्या त्या इसमाने तळतळून लिहिलं, "साफसफाई नव्हे, हा दरोडा आहे." धाकट्याने त्याला पानावरून हाकलून दिलं आणि मला येऊन सांगितलं, की काही लोकांना चांगलं बघवतच नाही.

बाबांच्या वाढदिवसाला त्याने एक छोटा प्लेअर आणला. त्यात सगळ्या टेपा भरलेल्या. बटण दाबलं की गाणं सुरू.

"बाबा, तुमचा संग्रह. एक डाग शिल्लक नाही."

बाबांनी एक गाणं पूर्ण ऐकलं. "छान आहे," म्हणाले. "स्वच्छ आहे."

धाकटा हरखून गेला. जुन्या टेपांना बुरशी लागली होती आणि बाबांचं ते धूड मशीनही धापा टाकत होतं. जाताना तो दोन्ही घेऊन गेला आणि वाटेत भंगारात देऊन मोकळा झाला. त्याच दिवशी त्याने पानावर लिहिलं: 'वडिलांना भेट दिलेली शांतता'. अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला म्हणे.

शांतता मलाही भेट मिळाली. दुपारी कुणी ओरडेना. पहिले काही दिवस मी पाय पसरून जेवले, नळ मोठा सोडला, एकदा मुद्दाम भांडंही आपटलं. काही नाही. मग लक्षात आलं, की प्लेअरही वाजत नाहीये. बाबा तो मांडीवर घेऊन नुसते बसलेले असायचे.

"बाबा, ऐकत का नाही?"

"ऐकलं ना. छान आहे."

हळूहळू जेवण अर्ध्यावर आलं. मग एक दिवस त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली ती दिवसभर घातलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती कवळी मी केलेली आहे, स्वतः, तीनदा घासून त्यांच्या हिरडीला बसवलेली. मला रागच आला.

"टोचतेय का? नीट करून देते."

"टोचत नाही."

"मग घाला की."

"कशाला? चावायचं काही नाही. बोलायचं कुणाशी?"

मी समोर उभी होते. मी काय भिंत आहे? पण त्यांचं गाल आत गेलेलं तोंड बघितलं आणि नुसतं वाटीतलं पाणी बदललं. मला भीती वाटली. आईच्या शेवटच्या दिवसांत तिनेही असंच एकेक वापरायचं सोडलं होतं: आधी चष्मा, मग घड्याळ.

धाकट्याला बोलावलं. तो आला, प्लेअर कानाला लावला आणि निदान केलं. "वयामुळे वरच्या पट्ट्या ऐकू येत नसणार. आवाजाचं सेटिंग बदलतो." आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला. बाबांनी निमूट ऐकलं, "छान आहे," म्हणाले आणि प्लेअर मांडीवर ठेवला. धाकट्याने पानावर प्रश्न टाकला, 'ज्येष्ठ श्रोत्यांसाठी उत्तम सेटिंग कोणतं?' ढीगभर उत्तरं आली. कोणी स्पीकर बदला म्हणालं, कोणी खोलीचे पडदे बदला.

"ताई, तूही एकदा वाच ना. तुला काही सुचलं तर."

बाबांसाठी म्हणून वाचलं. लॅबमध्ये साचा घट्ट व्हायची वाट बघत होते, तेव्हा मोबाइलवर त्याचं पान उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्यांत वर त्या धुलाईचा लेख होता आणि त्यात नमुन्यादाखल अर्ध्या मिनिटाचे दोन तुकडे. एकावर लिहिलं होतं 'आधी', दुसऱ्यावर 'नंतर'.

मी 'आधी' दाबलं.

खरखर. त्यामागे संथ आलाप. आणि मग, लांबून, कपडे झटकल्याच्या आवाजाबरोबर आई म्हणाली, "अहो, दूध बघा हो, मी कपडे वाळत घालतेय." लगेच माइकच्या अगदी जवळून बाबांचा तरुण आवाज: "जरा गप्प बसशील का!"

तेच शब्द. तोच सूर. 'गप्प'वर तोच हेल.

मी परत लावलं. मग 'नंतर' लावलं. त्यात बुवा एकटेच गात होते, रिकाम्या घरात गावं तसे.

इतकी वर्षं मी ताट हळू सरकवत होते. बाबा मला ओरडतच नव्हते. ते रोज दुपारी जेवून आईशी भांडत होते. आणि आम्ही वाढदिवसाला केक कापून, टाळ्या वाजवून ती त्यांच्या हातून काढून घेतली. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा जास्त संताप आला. समोरच्या मेणात मी एका बाईची दाढ उलटी बसवली होती. तशीच सोडून धाकट्याला फोन केला.

तो संध्याकाळी आला तोपर्यंत मी धुमसत होते. बाबांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि त्याला ओट्याशी उभा केला.

"आईचा आवाज आहे हे कळलं नव्हतं तुला?"

"कळलं होतं की." त्याला प्रश्नच समजला नव्हता. "प्रत्येक वाक्य हातानं काढलंय, ताई. तांदळातले खडे वेचावेत तसं. सॉफ्टवेअरला आई नीट काढता येत नव्हती, बुवांचाही आवाज जायचा. मी रात्र रात्र..." मग तो थांबला. "बाबाच म्हणायचे ना? सत्यानाश केला, सत्यानाश केला. जन्मभर म्हणायचे. मला वाटलं, निदान आता तरी त्यांना..."

"अरे, नवरा बायकोबद्दल जे बोलतो ते कुणी खरं धरतं का!"

तो खाली बसला. स्टुलावर नाही, सरळ फरशीवर. एवढा मोठा घोडा झालाय, पण त्या वेळी मला तो रविवारी दुपारी तोंडावर बोट ठेवून बसणारा पोरगाच दिसला. मला त्याची दया आली असती, पण मला आधी फाइली हव्या होत्या.

"मूळचं सगळं आहे ना तुझ्याकडे?"

तो फरशीवरचा एक डाग नखाने खरवडू लागला.

"आहे ना?"

"पुसलं," तो म्हणाला. "जागा खात होतं. त्यावर मी लेखही लिहिला होता. 'मोह सोडा: मूळ फाइल पुसण्याचं धैर्य'. माझ्या सगळ्या लेखांत त्याला..."

"अंगठ्यांचं नाव काढलंस तर तुझा अंगठा तोडीन."

म्हणजे जगात आमची आई अर्धा मिनिट उरली होती. तेवढ्यावर बाबांचं काय होणार? मी कपाळाला हात लावला. धाकटा गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. मग एकदम त्याने ते वर काढलं.

"खरखर," तो म्हणाला.

"काय खरखर?"

"तो माणूस. त्याला जुनंच आवडायचं. त्याने उतरवून ठेवलं असेल."

ज्याला हाकलला त्याच्याच दारात जायचं, हे धाकट्याच्या जिवावर आलं होतं. अडला हरी. त्याने खरखरची बंदी उठवली आणि मोबाइलवरून पानावरच माफी लिहायला घेतली. मी मागे उभी राहून वाचत होते. पहिल्या परिच्छेदात ध्वनिशुद्धीकरणामागची भूमिका होती. दुसऱ्यात तिच्या मर्यादा.

"माफी मागतोयस की व्याख्यान देतोयस? खोड ते. मी सांगते तसं लिही. आमचं चुकलं. जुन्या फाइली तुमच्याकडे असतील तर कृपा करून द्या. त्यातल्या वहिनी आमच्या आई. त्या आता नाहीत. वडिलांना त्या ऐकायच्या आहेत."

"एवढंच?"

"एवढंच."

"निदान कोणत्या प्रकारच्या फाइली हव्यात ते तरी लिहू दे."

"हात जोडते तुझ्यापुढे. पाठव."

उत्तर यायला वेळ लागला. बाबांचं जेवण पेजेवर आलं होतं. धाकटा दिवसभर छतांमधून मला फोन करत होता, आलं का, आलं का, जसं काही उत्तर माझ्याकडे येणार होतं. आणि आलं तेव्हा पानभर आलं. सुरुवातीला त्याने धाकट्याची यथेच्छ चंपी केली होती: सगळं पुसून लखलखीत करायचं वेड, स्वतःला जाणकार समजणारी नवी पिढी, वगैरे. मला त्यातला शब्द न् शब्द पटला. शेवटी लिहिलं होतं:

"माझ्याकडे सगळं आहे. मी काहीच पुसत नाही, घरचे त्यावरून वैतागलेले असतात. पाठवतो आहे. वहिनी गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं, मी त्यांना कित्येक वर्षं ओळखतो असंच वाटत आलं. एक विचारायचं होतं. दुधाच्या टेपेत त्या तीनदा सांगतात, साहेब उठत नाहीत, आणि तेवढ्यात टेपेची बाजू संपते. मी ती पुष्कळदा ऐकली आहे. दूध उतू गेलं का हो?"

"काय लिहू?" धाकट्याने विचारलं.

"मला काय माहीत! मी तेव्हा एवढीशी असेन."

त्याने आभार मानले. दुधाचा प्रश्न तसाच राहिला.

प्लेअर पुन्हा भरून आम्ही बाबांच्या मांडीवर ठेवला. काही सांगितलं नाही. बटण दाबून, दार उघडंच ठेवून बाहेर आलो आणि स्वयंपाकघरात चोरासारखे उभे राहिलो. खरखर सुरू झाली. तंबोरा, मग गाणं. मग लांबून आईचा आवाज, "चहा आत्ता टाकू का नंतर?"

खोलीत काहीच हललं नाही. गाणं पुढे गेलं. आईने कुणाला तरी पायपुसण्यावरून झापलं, बहुतेक धाकट्यालाच. आणि मग वाटीत कवळी खडखडल्याचा आवाज आला. थोडा वेळ गेला. म्हातारपणी कवळी बसवायला वेळ लागतो.

"जरा गप्प बसशील का!"

एकेक अक्षर स्पष्ट. धाकट्याने डोळे पुसले आणि खिशातून मोबाइल काढून खोलीकडे धरला. सवय, दुसरं काय! मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"हे नाही टाकायचं."

"नाही, नाही," तो म्हणाला. आणि टाकलं नाही, हे मुद्दाम सांगते.

त्या दिवसापासून पुन्हा रोज दुपारी आरडाओरडा. मी नळ बारीक सोडते, भांडी अलगद ठेवते; आता आईचं बोलणं त्यात बुडू नये म्हणून. बाबा पोटभर जेवायला लागले आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगायलाही लागले. म्हणजे तब्येत सुधारली.

दुधाची टेप बऱ्याच दिवसांनी लागली. मी ओट्याशी भांडी घासत होते. आतून आई म्हणाली, "अहो, दूध बघा हो, मी कपडे वाळत घालतेय." टेपेतल्या बाबांनी तिला गप्प केलं. खोलीतल्या बाबांनी केलं नाही. गाणं चालू राहिलं. आई दुसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा खुर्ची सरकली. मग काठीचा आवाज आला आणि बाबा दारात येऊन उभे राहिले. गॅसकडे बघत होते.

"बाबा, गॅसवर काही नाही."

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो अजून." काठीवर जोर देऊन ते ओट्यापर्यंत आले. "ठेव मग."

"काय?"

"दूध. आणि तू सरक तिकडे. मी बघतो."

मी पातेल्यात जरासं दूध घातलं, गॅस मोठा केला आणि बाजूला झाले. बाबा शेगडीसमोर उभे राहिले. आयुष्यात मी त्यांना तिथे उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

आतून आई तिसऱ्यांदा ओरडली, "अहो, ऐकताय ना? दूध!"

बाबांनी मान खोलीकडे वळवली आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला. "बघतोय गं! बघतोय!"

टेपेची बाजू खट् करून संपली. तो खट्‌देखील त्या माणसाने पुसला नव्हता. बाबा तसेच खोलीकडे तोंड करून थांबले, ती अजून काही म्हणेल म्हणून. त्यांच्या पाठीमागे दूध वर येत होतं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला गॅस बंद करता आला असता. मी केला नाही.

चर्र झालं, वास सुटला, तेव्हा ते वळले.

"गेलं," बाबा म्हणाले. "सांगत होती बिचारी."

ओटा अर्थात मीच पुसला. करपलेलं दूध किती चिवट असतं, ते पुसणाऱ्यालाच माहीत. मग हात धुऊन धाकट्याचं ते पान उघडलं. तिथे लिहायचं तर आधी खातं उघडावं लागतं, आणि पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक कसलंसं चिन्ह लागतं. जीव नकोसा झाला. शेवटी एकदाचं जमलं, आणि खरखरच्या त्या प्रश्नाखाली मी लिहिलं:

"हो. आज गेलं."